पांढरी तीन आणि दीड सेंटिमीटर

"हे काळी दोनच्याही वर गेलं बघ," मागच्या बाकावरून काकू म्हणाली.

आम्ही कोल्हापूरहून राधानगरीकडे निघालो होतो. जीप काका चालवत होते, मी त्यांच्या शेजारी आणि मागे काकूसोबत तिच्या भजनी मंडळातल्या तिघी. काकांना वाटलं, पेटीबद्दल बोलणं चाललंय. "काय गेलं वर?" त्यांनी विचारलं.

"तुमची जीप. मघाशी काळी एकवर होती. आता पांढरी तीन धरलीय."

काकूची सगळी हयात पेटीवर गेली आहे, त्यामुळे सुराच्या बाबतीत तिला कोणी आव्हान देत नाही. मी स्पीडोमीटरकडे पाहिलं. काटा साठावर होता. मागच्या एक्सलमधून येणारी ती सलग "ऊंऽऽ" तोपर्यंत मला नुसता गोंगाट वाटत होती. तिला स्वर आहे, आणि तो स्वर वेगाबरोबर चढतो हे कळलं आणि मी चक्रावलो. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवसापासून गाडीखालच्या अंधारातल्या त्या लोखंडी नळीकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आधी थोडं मागचं सांगतो. काकांची जीप १९७० च्या दशकातली, मूळची तीन गिअरची. तो गिअरबॉक्स पार झिजला होता. दुसरा गियर टाकला की दांडा हातानं धरून ठेवावा लागे. म्हणून एका गॅरेजमध्ये काकांनी चार गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला. काम छान झालं, गियर लोण्यासारखे पडू लागले. पण त्याच आठवड्यात मागून हा आवाज सुरू झाला. गॅरेजवाल्यानं निदान केलं: "डिफरन्शियल गेलं. क्राउन-पिनियन बदला." काकांना ते पटेना. पन्नास वर्षं ज्याला कोणी हात लावला नाही ते डिफरन्शियल गिअरबॉक्स बदलल्या बदलल्या कसं जाईल? काम झालं पुढे आणि रडू आलं मागे, असं कसं?

प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या उत्तरात सतराव्या शतकातल्या लंडनमधला एक माणूस येतो, घड्याळाची सावली येते आणि दीड सेंटिमीटर लोखंड येतं.

वाट अशी आहे. इंजिनातून ताकद गिअरबॉक्समध्ये येते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्याच पाठीला ट्रान्सफर केस जोडलेली असते, ती ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटते. तिथून मागच्या एक्सलपर्यंत जाणारी फिरती नळी म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. एस.टी. किंवा ट्रकच्या पोटाखाली वाकून पाहिलंत तर ती दिसेल, तिच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखे क्रॉस असतात. एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो ते डिफरन्शियलचं हौसिंग.

डिफरन्शियलचं नावाजलेलं काम म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणं. जीपच्या दोन चाकांत सुमारे सव्वा मीटर अंतर असतं. गाडी पूर्ण उलटी वळवली तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यात जखडली तर हे चार मीटर टायर घासून भरून काढावे लागतील. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्युर या घड्याळजीनं १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. आजही जवळजवळ प्रत्येक मोटारीत तीच तोड आहे. तिच्यातले छोटे गियर, आपल्याकडचे मिस्त्री त्यांना स्टार पिनियन म्हणतात, सरळ रस्त्यावर एकमेकांवर फिरतच नाहीत. ते नुसते सगळ्यांबरोबर गरगरतात. म्हणून सरळ रस्त्यावर येणारा आवाज त्यांचा नसतो. तो असतो टेल पिनियन आणि क्राउनचा. शाफ्टला जोडलेला छोटा तो टेल पिनियन आणि चाकांना फिरवणारं मोठं दातेरी ताट तो क्राउन.

या जुन्या जीपच्या टेल पिनियनला ८ दाते असतात आणि क्राउनला ४३. म्हणजे शाफ्ट पाच पूर्णांक तीन-अष्टमांश वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरतं. आता काकूचा सूर मांडून बघू. टायर एका फेरीत सुमारे २.२ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साधारण ७.६ फेऱ्या. चाकाच्या प्रत्येक फेरीत क्राउनचे ४३ दाते पिनियनला भेटून जातात. ७.६ गुणिले ४३ म्हणजे सेकंदाला सुमारे ३२६ भेटी.

पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी तीन सेकंदाला सुमारे ३३० कंपनांची असते.

मी तो गुणाकार-भागाकार तीनदा तपासला. काळी एक २७७ कंपनांची, ती ताशी ५१ ला येते. काळी दोन ३११ ची, ती ५७ ला. वेग निम्मा, ३० वर आणला की जीप त्याच पांढरी तीनच्या खालच्या सप्तकात उतरते. काकूनं कुठलंही गणित न करता, हलत्या गाडीत, मागच्या बाकावर बसून दात्यांची संख्या आणि टायरचा घेर कानानं मोजला होता. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

या दोन आकड्यांत आणखी एक शहाणपण दडलेलं आहे. ४३ ही मूळ संख्या. त्यामुळे पिनियनचा एखादा दाता आज क्राउनच्या ज्या दात्याला भेटला, त्याला पुन्हा भेटण्याआधी तो बाकीच्या सगळ्या ४२ दात्यांना भेटून येतो. ८ आणि ४० दाते ठेवले असते तर तेच ते दाते एकमेकांना जन्मभर घासत राहिले असते, एकाची खोड दुसऱ्यात खोल उमटली असती. मूळ संख्येमुळे झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. कारखान्यात क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासूनच जुळवतात, म्हणून ही जोडी कधी फोडायची नसते. एकाचा दाता तुटला तर दोन्ही बदलावे लागतात.

मग जुळलेली जोडी गायला का लागते? दाते अगदी बिनचूक असते, तर शाफ्ट एकसारखा फिरताना क्राउनही एकसारखा फिरला असता आणि आवाज आला नसता. प्रत्यक्षात प्रत्येक भेटीत क्राउन केसभराच्याही छोट्याशा हिश्श्यानं मागेपुढे होतो. सेकंदाला ३२६ वेळा. हौसिंगचं ओतीव लोखंड, एक्सलच्या नळ्या, स्प्रिंगचे पाटे, चासी, पत्रा, सगळं मिळून तो थरथराट मोठा करतं, जसा तंबोऱ्याचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो. थोडा सूर प्रत्येक गाडीत असतो, फक्त इंजिन आणि वारा त्याला झाकून टाकतात. पिनियन आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी सरकला तरी दाते नेमून दिलेल्या ठिकाणी न टेकता काठावर टेकतात आणि सूर उघडा पडतो.

दाते कुठे टेकतात हे बघायची पद्धत मला फार आवडते. शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या चार-पाच दात्यांना फासायचा आणि पिनियन हातानं फिरवायचा. जिथे दाता टेकला तिथला शेंदूर पुसला जातो, स्वच्छ लोखंडाचा लांबट ठसा उमटतो. ठसा दात्याच्या मधोमध हवा. वर आला तर पिनियन लांब आहे, बुडाशी गेला तर फार आत आहे. तसं असेल तर पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, काढा किंवा घाला. दोन दात्यांमधली सूट साधारण ०.१५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांइतकी. एवढ्याशा सुटीवर दोन टनांचा गाडा चढ चढतो.

तर आवाज डिफरन्शियलचा, यात शंका नव्हती. प्रश्न होता की त्याला कोण रडवतंय.

इथे शाफ्टकडे वळावं लागतं. ट्रान्सफर केस वर असते, एक्सल खाली. म्हणून शाफ्ट तिरका. शिवाय एक्सल पाट्यांवर वरखाली होत राहतो. तिरक्या आणि हलत्या टोकांमधून फिरणं पोचवायचं म्हणून दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट. युरोपात या शाफ्टला इटलीच्या जेरोलामो कार्डानोचं नाव आहे, पण फिरणं पोचवणारा जॉइंट म्हणून तो अभ्यासला लंडनच्या रॉबर्ट हुकनं. आपल्या शाळेत स्प्रिंगच्या नियमासाठी भेटतो तोच हुक. १६७६ साली त्यानं सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर एक पुस्तिका छापली, तिच्यात हा जॉइंट आहे. मोटार यायला अजून दोन शतकं अवकाश होता.

सूर्याच्या उपकरणात क्रॉसचा जॉइंट कशाला? कारण या जॉइंटला एक खोड आहे. तिरका ठेवला की तो एकसारखं फिरणं एकसारखं पोचवत नाही. आत येणारा दांडा अगदी संथ फिरत असला तरी बाहेर जाणारा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. हुकनं ही खोड ओळखली आणि तिचा उपयोगही ओळखला. सपाट पाटीवरच्या सूर्यघड्याळात सावली अशीच फिरते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, पण पाटीवर सावली तशी सरकत नाही. कोल्हापूरच्या अक्षांशावर, साधारण १६.७ अंशांवर, सूर्यघड्याळाची सावली दुपारी बारा ते एक या तासात जेमतेम साडेचार अंश सरकते आणि संध्याकाळी पाच ते सहा या तासात त्रेचाळीस अंश धावते. सावलीचा हा हिशेब आणि तिरक्या क्रॉसचा हिशेब यांचं समीकरण एकच आहे. फक्त जॉइंटचा कोन नव्वद अंशांतून अक्षांश वजा करून घ्यायचा, बाकी काही बदलत नाही. म्हणजे ठरावीक कोनात वाकवलेला जॉइंट फिरवला की सूर्यघड्याळाच्या तासरेषा आपोआप आखता येतात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अंगणातली सावली आणि जीपखालची नळी एकाच नियमानं फिरतात!

गाडीत मात्र ही खोड नको असते. म्हणून एक जॉइंट न वापरता दोन वापरतात. पहिला जेवढा पुढे धाववतो तेवढंच दुसरा मागे ओढतो आणि फिटंफाट होते. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एकाच रेषेत हवेत. शाफ्टच्या मध्ये सरकता स्प्लाईनचा, म्हणजे लांबीभर दातेरी खाचांचा, जोड असतो. तो उघडून पुन्हा बसवताना एक दाता जरी चुकला तरी कान एकमेकांशी तिरके होतात आणि दुसरा जॉइंट पहिल्याची चूक पुरती फेडू शकत नाही. म्हणून जाणता मिस्त्री उघडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीनं खूण करून ठेवतो. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं मोटारीसाठी असल्या जॉइंटचं पेटंट १९०३ साली घेतलं. त्याआधीच्या अनेक मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत.

आता काकांच्या जीपचे आकडे. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा १० सेंटिमीटर लांब. इंजिन होतं तिथेच, त्यामुळे ट्रान्सफर केस तेवढी मागे सरकली. साहजिकच मागचा शाफ्ट आखूड करावा लागला आणि पुढच्या एक्सलकडे जाणारा लांब. मागचा शाफ्ट मूळचा सुमारे ५४ सेंटिमीटरचा, तो ४४ च्या आसपास यायला हवा होता. दोन टोकांमधला उतार होता तेवढाच राहिला, ९ सेंटिमीटर. त्यामुळे शाफ्टचा कोन साडेनऊ अंशांवरून जवळजवळ बारा अंशांवर गेला. अडीच अंशच वाढले, पण ही खोड कोनाच्या वर्गानं वाढते. आधी शाफ्टची चाल फेरीत १.४ टक्के पुढेमागे होत होती, आता २.१ टक्के. ताशी ६० ला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे २,४४० फेऱ्या फिरतो. म्हणजे तो २,३९० आणि २,४९० यांच्यामध्ये सेकंदाला ८१ वेळा हेलकावे खातो. नुसत्या डोळ्यांना तो गुळगुळीत फिरताना दिसतो.

शाफ्ट लांब झाला तर वेगळंच दुखणं असतं. फिरणारी नळी एका ठरावीक गतीला दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी मध्ये फुगायला लागते. लांबी दुप्पट केली की ती गती चौथ्या हिश्श्यावर येते. साडेसात सेंटिमीटर जाडीची, अडीच मिलिमीटर पत्र्याची दीड मीटर नळी ढोबळ हिशेबानं मिनिटाला ५,४०० फेऱ्यांपर्यंत टिकेल, तीच तीन मीटरची केली तर १,३५० ला फुगेल. म्हणून ट्रकच्या पोटाखाली शाफ्ट दोन-तीन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग. जीपच्या हातभर शाफ्टला ती भीती नाही, त्याची अडचण तिरकेपणाची.

पण वाढलेला कोनही काकांच्या जीपचा खरा आजार नव्हता. तो सापडला शिवाजी उद्यमनगरात.

उद्यमनगरातून चालताना मला नेहमी बरं वाटतं. एका गाळ्यात लेथ, शेजारी वेल्डिंग, पलीकडे गियर कापणारा, समोर चहा. काकांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री तिथे शाफ्टचंच काम करतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी जीपखाली वाकूनही पाहिलं नाही. आधी काकांना विचारलं, "एकटं चालवताना आवाज येतोय?"

काका थांबले. "नाही. एकटा असताना नाही येत. मागे माणसं बसली की येतो."

"मग डिफरन्शियल उघडू नका. सायकलची जुनी ट्यूब आहे का कुणाकडं?"

ट्यूबचा बोटभर रुंदीचा वेढा कापून मामांनी तो शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या तोंडाशी, उघड्या स्प्लाईनवर घट्ट बसवला. मग आम्हा चौघांना मागे बसवलं आणि जीप पन्हाळ्याच्या रस्त्याला नेऊन आणायला सांगितली. परत आलो तेव्हा मामा गाडीखाली गेले आणि मला बोलावलं. जोडाची बाही जसजशी आत गेली तसा तिनं रबराचा वेढा पुढे लोटला होता, आणि तो वेढा स्प्लाईनच्या अगदी शेवटी, जिथे पुढे जायला जागाच नाही तिथे चेपून बसला होता. मामांनी बोटानं ग्रीस पुसलं. तिथे लोखंड आरशासारखं चमकत होतं. ठोकून ठोकून चमकलेलं.

शाफ्ट लांब होता. दीड सेंटिमीटर.

चूक कशी झाली तेही मामांनीच ओळखलं. गिअरबॉक्स बसवताना गॅरेजमध्ये जीपची चासी टेकूंवर उचलून ठेवली होती आणि मागचा एक्सल पाट्यांना लोंबकळत होता. त्याच अवस्थेत दोन टोकांमधलं अंतर मोजलं. लोंबकळणारा एक्सल खाली जातो, उतार ९ ऐवजी १५ सेंटिमीटर होतो आणि तिरकं अंतर वाढतं. आडवं अंतर ४३ सेंटिमीटर धरा आणि पायथागोरसला विचारा. उतार १५ असेल तर तिरकं अंतर साडेपंचेचाळीस, उतार ९ असेल तर चव्वेचाळीसला किंचित कमी. फरक १६ मिलिमीटर. सरकत्या जोडात त्यांनी दोन सेंटिमीटरची मोकळीक ठेवली होती, आपल्या समजुतीनं भरपूर. जीप चाकांवर उतरली आणि त्यातली १६ मिलिमीटर तिथेच संपली. उरली ४. मागे चार माणसं बसली की पाटे दबतात, उतार पाचावर येतो, आणखी ६ मिलिमीटर लागतात. होती फक्त ४.

इथून पुढे सरकता जोड सरकता राहिला नाही. शाफ्टची झाली एक ताठ काठी. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक हिसक्यात ती टेल पिनियनला ढुशी मारून क्राउनकडे ढकलत होती, आणि पन्नास वर्षांची बेअरिंगं ती ढुशी पूर्ण झेलू शकत नव्हती. पिनियन शतांशानं आत, ठसा बुडाशी आणि पांढरी तीन रस्ताभर. गॅरेजवाल्यानं चाचणीला जीप एकट्यानं चालवली असणार. म्हणून त्याला आवाज आलाच नाही, आणि पुढे आला तेव्हा जिथून ऐकू येतो त्यालाच त्यानं दोषी धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शाफ्ट आखूड करण्याचं काम मी दुपारभर उभं राहून पाहिलं. लेथच्या चकमध्ये शाफ्ट धरला. जुन्या वेल्डिंगची कडा टूलनं हळूहळू उतरवत गेले, निळसर कुरळे चुरे खाली पडत होते. कडा संपली तशी एक बारीक रेघ दिसली, नळी कुठे संपते आणि कान कुठे सुरू होतो त्याची. मग नळी कापली, कान परत आत दाबला आणि दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का ते सपाट ओट्यावर ठेवून पाहिलं. मग चार बाजूंना चार टाके. टाका मारला की मामा लेथ हातानं फिरवत आणि डायलचा काटा बघत. वेल्डिंग थंड होताना आखडतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. जिकडे ओढलं त्याच्या समोर पुढचा टाका. काटा पाव मिलिमीटरच्या आत डोलायला लागला तेव्हाच त्यांनी पूर्ण वेल्डिंग केलं. नंतर बॅलन्सिंग, एका बाजूला नखाएवढी पत्र्याची पट्टी डकवली. एवढ्याशा पट्टीनं काय होणार असं वाटेल. पाच सेंटिमीटर जाडीच्या नळीवर एका बाजूला २० ग्रॅम जास्त असतील, तर ताशी ६० ला ते वीस ग्रॅम सव्वातीन किलो वजनाच्या जोरानं नळीला बाहेर खेचतात, आणि सेकंदाला ४१ वेळा दिशा बदलून.

दोन टोकांचे कोनही मामांनी मोजले. एक्सलचं नाक थोडं खाली झुकलेलं निघालं, म्हणून पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची लोखंडी पाचर बसवली. पिनियनची बेअरिंगं हलवून पाहिली, शिमांना हात लावायची गरज पडली नाही. हौसिंगमधलं जुनं तेल काढून नवं नव्वद नंबरचं भरलं. या डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरण्यासाठी वेगळं, हायपॉइडचं तेलच लागतं, साधं चालत नाही.

संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्याला निघालो. काकू मागे, तिघी मैत्रिणी शेजारी. साठावर काटा गेला तेव्हा सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या.

"आहे अजून," काकू म्हणाली, "पण आता जवळ गेल्याशिवाय ऐकू येणार नाही."

पन्नास वर्षांच्या जोडीचा तेवढा सूर राहणारच, हे मामांनी आधीच सांगितलं होतं.

तुमच्याही गाडीत गिअरबॉक्स बदलल्यावर मागून असा आवाज येऊ लागला, तर क्राउन-पिनियनचे पैसे मोजण्याआधी एवढं करा. आवाज इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो की रस्त्यावरच्या वेगाबरोबर ते एकाच वेगाला गियर बदलून ऐका. वेगाबरोबर बदलत असेल तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. मग एकट्यानं आणि भरल्या गाडीनं, दोन्ही वेळा ऐका. आणि शाफ्टची लांबी मोजायला सांगा, चाकं जमिनीवर ठेवून, मागे माणसं बसवून.